लॉगर ‘न्यू’ करायचा की फॅक्टरीकडे मागायचा? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात एक्सेप्शन (प्रोग्राम चालताना येणाऱ्या एरर) कसे पकडावेत यावर लिहिलं होतं, त्यात जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की लॉगर (प्रोग्राममध्ये काय घडलं याच्या नोंदी, म्हणजे लॉग, लिहिणारा ऑब्जेक्ट) कधी न्यू करू नका, म्हणजे न्यू वापरून स्वतः बनवू नका, फॅक्टरीकडून, म्हणजे तो बनवून देणाऱ्या कोडकडून घ्या. एक्सेप्शनबद्दल कोणी फारसं विचारलं नाही, सगळे मेल या एका वाक्यावर. म्हणून या वेळी सगळं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न : नमस्कार सर. आमच्या जावा प्रोजेक्टमध्ये अ‍ॅपलॉगर नावाचा जुना क्लास आहे. जिथे लॉग लिहायचाय तिथे न्यू अ‍ॅपलॉगर करायचं, आत फाइलचं नाव द्यायचं, झालं. इतकी वर्षं चालतंय. आता नवीन सीनियर आलेत, त्यांनी रिव्ह्यूमध्ये जागोजागी ‘फॅक्टरी वापरा’ अशी कॉमेंट टाकलीय. खरं सांगू का, मला कळतच नाहीये, एका ओळीच्या जागी दुसरी ओळ आणि वर एक जादा क्लास. नक्की फायदा काय? (एक वाचक, पुणे)

तुमचे सीनियर बरोबर आहेत, पण नुसतं ‘फॅक्टरी वापरा’ म्हणून कॉमेंट टाकली की समोरच्याला ते पुस्तकी वाटणारच, त्यामुळे तुमची चिडचिडही समजते.

आधी तुमच्या न्यूचं काय होतं ते बघू. प्रत्येक क्लासने आपला ऑब्जेक्ट बनवला म्हणजे प्रत्येकाने तीच फाइल वेगळी उघडली. दिवसभर काही जाणवत नाही, ओळी फाइलच्या शेवटाला चिकटत जातात. गंमत होते रात्री बारानंतर. तुमचा अ‍ॅपलॉगर स्वतःच रोजची फाइल फिरवत असेल (बहुतेक घरगुती लॉगर फिरवतात) तर काय होतं बघा. ऑर्डरवाला लॉगर बारा वाजून काही सेकंदांनी एक ओळ लिहायला जातो, तारीख बदललेली दिसते, तो अ‍ॅप डॉट लॉगचं नाव बदलून कालच्या तारखेचं करतो आणि नवीन अ‍ॅप डॉट लॉग उघडतो. इथवर ठीक. मग दोन मिनिटांनी पेमेंटवाला लॉगर जागा होतो, त्यालाही तारीख बदललेली दिसते, ऑर्डरवाल्याने आधीच काम केलंय हे त्याला माहीत असायचं काही कारण नाही, तोही अ‍ॅप डॉट लॉगचं नाव बदलून कालच्या तारखेचं करतो. लिनक्सवर त्या नावाची फाइल आधीच असेल तर ती गुपचूप पुसली जाते. म्हणजे कालचा अख्खा दिवस गेला, आणि कालच्या नावाच्या फाइलमध्ये आजच्या दोन मिनिटांच्या चार ओळी. शिवाय ऑर्डरवाल्याच्या हातात अजून तीच फाइल आहे, कारण लिनक्सवर उघडी फाइल नावाला बांधलेली नसते, तो दिवसभर तिच्यातच लिहीत बसणार. सकाळी सपोर्टवाला आजची फाइल उघडतो आणि म्हणतो की ऑर्डर सर्व्हिस रात्रीपासून बंद आहे वाटतं. ती चालूच असते, तिच्या ओळी कालच्या फाइलमध्ये पडतायत. विंडोजवर याचं उलटं होतं, दुसऱ्या कोणाकडे फाइल उघडी असल्यामुळे जावाला नाव बदलताच येत नाही आणि फाइल फुगत राहते.

एवढ्यासाठी फॅक्टरी. तिचं आतलं काम अगदी छोटं असतं, एक मॅप असतो, नाव ते लॉगर. तुम्ही नाव देता, त्या नावाचा लॉगर मॅपमध्ये असेल तर तोच परत मिळतो, नसेल तर एकदाच बनतो, मॅपमध्ये ठेवला जातो आणि तुम्हाला दिला जातो. दोन थ्रेडनी (प्रोग्राममधल्या समांतर चालणाऱ्या कामांनी) एकाच वेळी मागितला तरी दोन बनणार नाहीत याची काळजी फॅक्टरीने घ्यायची, कॉन्करंट हॅशमॅप (अनेक थ्रेडना एकाच वेळी चालणारा मॅप) असेल तर ते काम एका ओळीत होतं. फाइल कुठली, ओळीचा फॉरमॅट काय, किती दिवस ठेवायची, यातलं काहीही लॉगर मागणाऱ्याला माहीत नसतं, ते सगळं कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) एका जागी. फाइल उघडणारा एकच, मग बाराच्या ठोक्याला नाव बदलणाराही एकच.

आणि खरी मजा नावात आहे, ती बरेच जण सोडूनच देतात. लॉगरचं नाव सहसा क्लासचं पूर्ण नाव असतं, पॅकेजसकट, मध्ये डॉट. कॉम डॉट दुकान डॉट ऑर्डर डॉट ऑर्डरसर्व्हिस असं समजा. फॅक्टरी हे डॉट वाचते आणि त्यावरून वंशावळ लावते, ऑर्डरसर्व्हिसचा बाप कॉम डॉट दुकान डॉट ऑर्डर, त्याचा बाप कॉम डॉट दुकान, असं करत सगळ्यात वर रूट. पोराची स्वतःची लेव्हल (किती महत्त्वाच्या ओळीपासून लिहायचं ते : डिबग, मग इन्फो, वॉर्निंग, एरर) ठरवलेली नसेल तर बापाची लागू होते. त्यामुळे प्रॉडक्शनला फक्त ऑर्डर पॅकेजचं डिबग चालू करायचं असेल तर कॉन्फिगमध्ये एक ओळ पुरते, बाकी सगळं इन्फोवरच राहतं, कोडला हात लावावा लागत नाही. न्यूने बनवलेल्या लॉगरला बापच नसतो. त्याची लेव्हल वरून बदलायची तर सोर्समध्ये जाऊन बदला, बिल्ड करा, डिप्लॉय करा, आणि हे सगळं कधी, तर प्रॉडक्शन पेटलेलं असताना.

म्हणून मोठ्या लायब्ररीवाल्यांनी न्यूचा दरवाजाच बंद ठेवलाय. लॉगबॅक या जावाच्या लॉगिंग लायब्ररीत लॉगर क्लास फायनल आहे (त्यातून दुसरा क्लास काढता येत नाही) आणि त्याचा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनवणारा भाग) पॅकेजबाहेरून दिसतच नाही. लॉगफोरजे १ या त्याआधीच्या लायब्ररीत तो प्रोटेक्टेड होता, म्हणजे बाहेरच्या साध्या कोडला वापरता येत नव्हता. पायथॉनला असं काही बंद करणं जमत नाही म्हणून त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ‘कधीही थेट बनवू नका’ यातला कधीही मोठ्या अक्षरांत लिहिलाय.

ही आजकालची फॅशनही नाही. लॉगफोरजेचं मूळ १९९६ मध्ये युरोपियन युनियनच्या सेम्पर नावाच्या प्रकल्पासाठी लिहिलेल्या ट्रेसिंगच्या कोडमध्ये आहे. सुरुवातीला त्यात लॉगरला कॅटेगरी म्हणायचे आणि तो गेटइन्स्टन्सने मागायचा, २००२ मध्ये १.२ आलं तेव्हा लॉगर आणि गेटलॉगर ही आजची नावं आली. त्याच वर्षी जावा १.४ मध्ये जावाचं स्वतःचं लॉगिंग आलं, तिथेही गेटलॉगरच.

आता तुमच्या प्रोजेक्टचं. सगळं एका दिवसात बदलायला जाऊ नका, पण एक युक्ती सांगतो. अ‍ॅपलॉगरचा कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट करा, आणि त्याच क्लासमध्ये नाव घेऊन लॉगर देणारी एक स्टॅटिक मेथड टाका. कंपाइल केलं की जिथे जिथे न्यू आहे तिथे तिथे लाल होईल, तीच तुमच्या कामाची यादी. आतमध्ये मात्र स्वतःचं फाइल लिहिणं काढून टाका आणि ते काम लॉगबॅक किंवा लॉगफोरजे २ ला द्या, आणि हळूहळू अ‍ॅपलॉगरच रिटायर करा.

प्रश्न : लॉगर प्रायव्हेट स्टॅटिक फायनल ठेवायचा की साधा इन्स्टन्स फील्ड? आमच्याकडे यावरून दोन गट पडलेत. (एक वाचिका, नाशिक)

गट पडण्याइतकं यात काही नाही. एसएलएफफोरजेवालेसुद्धा (ही जावाच्या वेगवेगळ्या लॉगिंग लायब्ररींसमोरची एक सामाईक खिडकी) आधी एका बाजूचे होते, नंतर त्यांनी कुठल्याच बाजूचा आग्रह सोडून दिला. तुमचं साधं अ‍ॅप्लिकेशन असेल तर स्टॅटिक फायनल (अख्ख्या क्लासला मिळून एक) ठेवा, इन्स्टन्स फील्ड दर ऑब्जेक्टला वेगळं असतं. प्रत्येक ऑब्जेक्टमागे एक रेफरन्स वाचतो आणि वाचणाऱ्याला सवयीचं असतं. एकाच सर्व्हरवरच्या अनेक अ‍ॅप्लिकेशनना वापरायला शेअर्ड लायब्ररी लिहीत असाल तर स्टॅटिक लॉगर सगळ्यांत मिळून एकच होऊन बसतो, तिथे इन्स्टन्स बरा.

जावाचं अंगभूत लॉगिंग वापरणाऱ्यांनी मात्र एक लक्षात ठेवा. तिथे तुमच्याकडे लॉगरचा रेफरन्स धरलेला नसेल तर गार्बेज कलेक्टर (कोणी वापरत नसलेली मेमरी साफ करणारा) तो लॉगर कधीही उचलून नेऊ शकतो. म्हणजे मेनमध्ये गेटलॉगर करून लगेच सेटलेव्हल केलं आणि व्हेरिएबलमध्ये ठेवलं नाही, तर काही वेळाने तुमची लेव्हल गायब, पुढच्या गेटलॉगरला त्याच नावाचा पण कोरा लॉगर मिळतो. टेस्टमध्ये सापडत नाही, कारण टेस्ट तेवढा वेळ चालतच नाही.

आणि भांडायचंच असेल तर कॉपीपेस्टवरून भांडा ना. ऑर्डरसर्व्हिसमधली लॉगरची ओळ उचलून रिफंडसर्व्हिसमध्ये चिकटवली, क्लासचं नाव बदलायचं राहिलं, कंपाइल होतं, चालतं, फक्त रिफंडच्या सगळ्या एरर ऑर्डरच्या नावाने पडतात. एसएलएफफोरजे १.७.९ पासून लॉगरचं नाव आणि क्लासचं नाव जुळत नसेल तर ते पकडणारी सिस्टीम प्रॉपर्टी आहे ती डेव्हलपमेंटला चालू ठेवा, नाहीतर लॉम्बॉक या कोड लिहून देणाऱ्या लायब्ररीचं अ‍ॅनोटेशन वापरा, मग ती ओळ लिहायचीच नाही.

प्रश्न : पायथॉनमध्ये मी स्वतः एक फॅक्टरी फंक्शन लिहिलंय. गेटलॉगर करते, फाइल हँडलर (ओळ फाइलमध्ये लिहिणारा भाग) बनवून जोडते आणि लॉगर परत देते. सर्व्हर चालू केल्यावर पहिली ओळ एकदा येते, मग तीच ओळ दोनदा, मग तीनदा, संध्याकाळपर्यंत एकेक ओळ शेकडो वेळा. शेवटी ‘टू मेनी ओपन फाइल्स’ येऊन सर्व्हर आडवा. लूप कुठेच नाहीये, शंभरदा बघितलं! (एक वाचिका, ठाणे)

लूप आहे, पण तो तुमच्या युजरच्या हातात आहे. तुमचं फंक्शन प्रत्येक रिक्वेस्टला चालत असणार. गेटलॉगर त्याच नावाचा तोच ऑब्जेक्ट देतो (वर जो मॅप सांगितला तोच इथेही आहे), आणि तुम्ही प्रत्येक वेळी त्या जुन्या ऑब्जेक्टला नवीन हँडलर जोडताय. दहा रिक्वेस्ट झाल्या की दहा हँडलर, एक ओळ दहा जणांकडे जाते आणि दहाही जण इमानेइतबारे त्याच फाइलमध्ये लिहितात. प्रत्येक फाइल हँडलर फाइल वेगळी उघडतो, लिनक्सवर एका प्रोसेसला उघड्या फाइलींची मर्यादा बऱ्याचदा १०२४ असते, ती भरली की नवीन सॉकेटही उघडत नाही, म्हणून सर्व्हर आडवा.

काही जण यावर ‘आधी हँडलर आहे का बघ, नसेल तरच जोड’ असा इफ टाकतात. चालतं, पण मूळ घोळ तसाच राहतो, तो म्हणजे लॉगर मिळवणं आणि लॉगर कॉन्फिगर करणं ही दोन कामं एकाच फंक्शनमध्ये कोंबलीत. पहिलं काम हजारदा होणार, दुसरं प्रोग्राम सुरू होताना एकदाच व्हायला पाहिजे. तेव्हा तुमची फॅक्टरी डिलीट करा, पायथॉनची आहे ती पुरेशी आहे. सुरुवातीच्या फाइलमध्ये एकदा डिक्टकॉन्फिग (लॉगिंगची सगळी सेटिंग एकत्र देणारं फंक्शन), आणि प्रत्येक मॉड्यूलमध्ये वर एकच ओळ, गेटलॉगर आणि आत मॉड्यूलचं नाव.

एवढं करूनही ओळ बरोबर दोनदा येत असेल तर ते वेगळं प्रकरण आहे. तेव्हा हँडलर तुमच्या लॉगरलाही आहे आणि रूटलाही आहे, ओळ आधी पोराकडे छापली जाते, मग बापाकडे चढते आणि तिथे परत छापली जाते. हँडलर फक्त रूटला ठेवा. अगदीच गरज असेल तर त्या लॉगरचं प्रोपगेट फॉल्स करा, म्हणजे ओळ बापाकडे चढणार नाही.

आणि हो, वैतागून थेट लॉगर क्लासचा ऑब्जेक्ट बनवायला जाऊ नका. बनेल, एररही येणार नाही. पण त्याला बाप नसल्याने रूटचे हँडलर त्याला दिसत नाहीत, मग तुमचे इन्फो आणि डिबग कुठेच उमटत नाहीत, वॉर्निंग आणि त्यावरचं तेवढं स्क्रीनवर येतं. अर्धं चालणारं असलं की माणूस जास्त वेळ शोधत बसतो.

प्रश्न : आमच्या टीम लीडने एसएलएफफोरजेवर स्वतःची लॉगहेल्पर फॅक्टरी बांधलीय, ‘उद्या लायब्ररी बदलली तर?’ म्हणून. आता प्रत्येक लॉगमध्ये क्लासच्या जागी लॉगहेल्पर आणि एकच लाइन नंबर येतो. त्यांना कसं सांगू? (नाव छापू नका, छत्रपती संभाजीनगर)

त्यांना एवढंच विचारा की एसएलएफफोरजे कशासाठी बनवलंय. लायब्ररी बदलता यावी म्हणूनच! लॉगफोरजे सुरू करणाऱ्या जेकी गुल्जूंनीच पुढे एसएलएफफोरजे आणि लॉगबॅक लिहिलं. तुमचा कोड फक्त लॉगरफॅक्टरीशी बोलतो, मागे लॉगबॅक आहे की लॉगफोरजे २ की जावाचं अंगभूत ते क्लासपाथवर (जावा जिथे लायब्ररी शोधते तिथे) कुठली जार (लायब्ररीची फाइल) टाकली त्यावर ठरतं. त्याच्यावर अजून एक थर म्हणजे छत्रीवर रेनकोट.

लाइन नंबरचं कारण असं की मागची लायब्ररी कॉलस्टॅक (कोणी कोणाला बोलावलं याची साखळी) बघते आणि ‘मला कोणी बोलावलं’ ते छापते. तिला बोलावणारा नेहमी लॉगहेल्परच आहे, बिचारी खरंच सांगतेय. एसएलएफफोरजेच्या लोकेशनअवेअरलॉगरला तुमच्या रॅपरचं (म्हणजे मधल्या थराचं) पूर्ण नाव दिलं की ती त्याच्या पलीकडचा कॉलर छापते, पायथॉन ३.८ पासून याच कामाला स्टॅकलेव्हल आहे. सोय आहे, पण ती करण्याइतका रॅपर गरजेचा आहे का ते आधी बघा.

दुसरं नुकसान लीडना जास्त पटेल. हेल्परची डिबग मेथड नुसती स्ट्रिंग घेत असणार, म्हणजे सगळे अधिक चिन्ह लावून स्ट्रिंग जोडून पाठवतात. डिबग बंद असलं तरी ती जोडाजोड होतेच, दर कॉलला. एसएलएफफोरजेमध्ये मेसेजमध्ये महिरपी कंस ठेवायचे आणि व्हॅल्यू वेगळी द्यायची, लेव्हल बंद असेल तर स्ट्रिंग बनतच नाही. तुमच्या हेल्परने हा फायदा मधल्या मधे खाल्लाय.

स्वतःचा थर लागतोच असंही एक ठिकाण आहे. ऑडिट. कोणी कधी कुठला रेकॉर्ड बदलला हे कायद्याने ठेवायचं असेल तर त्याचा वेगळा इंटरफेस, वेगळी फॅक्टरी, सगळं वेगळं करा. ते लॉगिंग नाहीच, तो बिझनेसचा डेटा आहे, लेव्हल वॉर्नवर नेली म्हणून तो बंद पडता कामा नये.

प्रश्न : डॉटनेटमध्ये काम करतो. एंटिटी फ्रेमवर्क कोअर या डेटाबेसच्या लायब्ररीच्या क्वेरी बघायला डीबीकॉन्टेक्स्टच्या (डेटाबेसशी बोलणाऱ्या ऑब्जेक्टच्या) ऑनकॉन्फिगरिंगमध्ये न्यू लॉगरफॅक्टरी दिलीय. मेमरी वाढतच चाललीय. फॅक्टरीच तर वापरलीय ना! (एक वाचक, नागपूर)

वापरलीत, पण दर कॉन्टेक्स्टला नवीन फॅक्टरी, म्हणजे दर वेळी नवीन रिकामा मॅप. आणि एंटिटी फ्रेमवर्क त्या फॅक्टरीमागे आपला एक आतला सर्व्हिस प्रोव्हायडर (लागणारे ऑब्जेक्ट पुरवणारा) बांधून सांभाळून ठेवतं, नवीन फॅक्टरी दिली की नवीन प्रोव्हायडर. मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे अगदी स्पष्ट लिहिलंय की असं केलं तर मेमरी लीक होते. वीसपेक्षा जास्त प्रोव्हायडर झाले की त्याबद्दलची वॉर्निंगही येते, तुमच्या लॉगमध्ये शोधा, असणार. फॅक्टरी एका स्टॅटिक फील्डमध्ये एकदाच बनवा, किंवा सरळ डिपेंडन्सी इंजेक्शनमधून (लागणारे ऑब्जेक्ट बाहेरून पुरवणाऱ्या कंटेनरकडून) येऊ द्या. तुमच्या बाकीच्या क्लासमध्ये तर फॅक्टरी दिसायलाच नको, कन्स्ट्रक्टरमध्ये आयलॉगर आणि पुढे आपल्या क्लासचा टाइप एवढं मागा, कंटेनर फॅक्टरीशी बोलून घेतो.

प्रश्न : इंटरव्ह्यूमध्ये विचारलं, ‘लॉगरफॅक्टरी हा कुठला पॅटर्न?’ मी सिंगलटन म्हणालो, ते हसले. बरोबर काय? (फ्रेशर, सांगली)

हसायची गरज नव्हती. सिंगलटनमध्ये अख्ख्या प्रोग्रामला एक ऑब्जेक्ट, इथे एका नावाला एक, त्याला मल्टिटन म्हणतात. तुम्ही कोडमधून बोलावता ती गेटलॉगर ही स्टॅटिक फॅक्टरी मेथड. आणि एसएलएफफोरजेमध्ये तिच्या मागे आयलॉगरफॅक्टरी हा इंटरफेस असतो, लॉगबॅक आपली फॅक्टरी देतो, दुसरी लायब्ररी आपली देते, तिथे खरा फॅक्टरी मेथडचा (ऑब्जेक्ट कसा बनवायचा ते मागच्या क्लासने ठरवायचं) भाग आहे. एवढं सांगितलंत तर पुढचा प्रश्न बहुधा थ्रेड सेफ्टीचा येईल, त्याचं उत्तर वर पहिल्या प्रश्नात आहे.

प्रश्न : २०२१ च्या लॉगफोरशेल (लॉगफोरजे २ मधला सुरक्षेचा दोष) प्रकरणात फॅक्टरी वापरणारे वाचले होते असं कोणीतरी म्हणालं. खरं का? आणि आमच्याकडे ‘मल्टिपल बाइंडिंग्ज’ अशी वॉर्निंग येते, तिचा याच्याशी संबंध आहे का? (एक वाचक, मुंबई)

फॅक्टरीने कोणी वाचलं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बाहेर आलेला तो दोष लॉगफोरजे २ च्या कोअर जारमध्ये होता. लॉग होणाऱ्या मजकुरात विशिष्ट जेएनडीआय स्ट्रिंग (जावाला दुसरीकडून ऑब्जेक्ट शोधून आणायला सांगणारी) आली की लायब्ररी ती नुसती लिहायची नाही, तिच्यावर अंमल करायची, आणि बाहेरच्या सर्व्हरवरून कोड आणून चालवता यायचा. गांभीर्य दहापैकी दहा. तुम्ही एसएलएफफोरजेची लॉगरफॅक्टरी वापरत असाल आणि मागे तीच कोअर जार असेल तर तुम्हीही तितकेच उघडे होता. मागे लॉगबॅक असेल तर हा दोष तुम्हाला लागू नव्हता. फरक इतकाच की ज्यांचा कोड फक्त एसएलएफफोरजेशी बोलत होता त्यांना मागची लायब्ररी बदलायची तर सोर्सला हात लावावा लागत नव्हता, जार आणि कॉन्फिग बदललं की झालं. दुरुस्ती २.१५.० मध्ये आली, ती पुरी पडली नाही म्हणून २.१६.० आणि २.१७.० त्याच महिन्यात काढावी लागली, त्या दिवसांत डिपेंडन्सीची यादी हातात असलेल्या टीम निदान रात्री घरी तरी गेल्या.

तुमची वॉर्निंग मात्र हलक्यात घेऊ नका. तिचा अर्थ असा की मागे काम करायला एकापेक्षा जास्त लायब्ररी क्लासपाथवर उभ्या आहेत आणि एसएलएफफोरजेने त्यातली एक उचललीय. कुठली उचलेल याचा भरवसा धरू नका, तुमच्या लॅपटॉपवर एक आणि सर्व्हरवर दुसरी असं होऊ शकतं, आणि मग लॉगबॅकची कॉन्फिग फाइल कितीही बदला, काही फरक पडत नाही कारण काम दुसरीच लायब्ररी करतेय. मेव्हन या बिल्ड टूलची डिपेंडन्सी ट्री काढा, नको ती बाइंडिंग (एसएलएफफोरजेला मागच्या लायब्ररीशी जोडणारी जार) कुठल्या लायब्ररीच्या मागून आलीय ते बघा आणि तिथे ती वगळणारं एक्सक्लूजन टाका. आणि काढताना लॉगफोरजे कोअर दिसली तर तिचा व्हर्जन नंबर आधी वाचा.